विचारा ताईंना: नोकरीतले बाबा, घरातले बाबा

यावेळी पत्रं वेगवेगळ्या गावांहून आली पण विषय जवळपास एकच निघाला, सरकारी नोकरी करून रिटायर झालेले आणि ऐंशी-नव्वदी गाठलेले वडील. मला वाटतं मे महिन्यात सगळे गावी जमले, ओटीवर बसून जुन्या गोष्टी निघाल्या आणि परतीच्या गाडीत कोणाच्या तरी डोक्यात आलं की हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं. मी स्वतः महसूल खात्यात कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत नोकरी केलेली, त्यामुळे माझी मतं जरा तिखट असतील, चालवून घ्या. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापत नाहीये, कारण आपल्याकडे गाव आणि खातं एवढं जरी सांगितलं तरी माणूस सापडतो, त्यात आडनावाची भर कशाला.

प्रश्न (गुहागर तालुका, सध्या डोंबिवली): ताई, माझे वडील 1957 साली तलाठी म्हणून लागले आणि 1992 ला सर्कल (मंडल अधिकारी) म्हणून रिटायर झाले. आता 91 वर्षांचे आहेत, तब्येत ठणठणीत, ऐकायला थोडं कमी येतं. आम्ही तिघं भावंडं, मी मधली. दिवाळीला सगळे गावी जमणार आहोत तेव्हा त्यांच्यावर एक छोटं पुस्तक करायचं ठरलंय, फक्त घरातल्यांसाठी. पण बाबा बोलतच नाहीत हो. विचारलं की म्हणतात, "काय सांगायचं, नोकरी केली, तुम्हाला शिकवलं, झालं." भावाने एका लिहून देणाऱ्याला काम दिलं तर त्याने 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' अशी तीन पानं भरून पाठवली आणि त्यात आमचे बाबा कुठेच नाहीत. काय करू?

उत्तर: ती तीन पानं आधी बाजूला टाका. हे शब्द मी निरोप समारंभात इतक्यांदा ऐकलेत, आणि ज्याच्या टेबलावर सहा सहा महिने फाईल हलायची नाही त्याच्याबद्दलही हेच ऐकलेत, शाल-श्रीफळासकट.

बाबा बोलत नाहीत कारण प्रश्न फार मोठा आहे. 'तुमच्या नोकरीबद्दल सांगा' म्हटल्यावर कोण काय सांगेल? त्यांना कामाचं विचारा, बारीक बारीक. 1957 ला लागले ना, मग एप्रिलच्या आधी लागले की नंतर हे विचारा. कारण 1 एप्रिल 1957 या एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा आला, आणि कुळकायद्याचा कृषक दिन तोच, म्हणजे त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. दिल्ली-मुंबईत ठरलेल्या या दोन्ही गोष्टी शेवटी तलाठ्याच्या दप्तरात येऊन पडल्या. शेतसाऱ्याचा हिशोब नव्या पैशात करायचा, आणि आपल्याकडे जमिनीचे हिस्सेसुद्धा आणे-पैमध्ये लिहिलेले, एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, त्यातले निम्मे मुंबईला गिरणीत, दोघं मयत आणि त्यांचे वारस लावलेले नाहीत, आणि उरलेले एकमेकांशी बोलत नाहीत. तेवीस वर्षाच्या पोराला हे सगळं सोडवायचं होतं. हे बाबांना एकदा विचारून बघा, संध्याकाळपर्यंत थांबणार नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न सांगते. 'बाबा, सजाच्या गावात तुम्ही जेवायचात कुठे?' हसू नका. (सजा म्हणजे तलाठ्याच्या ताब्यातली गावं.) रत्नागिरीकडे खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करायचा खोताचा पिढीजात हक्क, 1949 च्या कायद्याने गेली, पण कायद्याने गेली म्हणजे गावातून लगेच गेली असं थोडंच आहे. गावात हॉटेल नाही, खाणावळ नाही, तलाठी येणार म्हटल्यावर त्याची सोय बहुतेक वेळा खोताच्याच घरी, पाटपाणी, सोलकढी, वर आग्रह. आणि जेवून उठल्यावर त्याच घराच्या खळ्यात बसून त्याच घराच्या विरोधात कुळाचं नाव लावायचं. कोणी खोताकडे जेवले आणि नाव लावायचं विसरले, कोणी जेवले तरी नाव लावलं, आणि कोणी घरून भाकरी बांधून नेली. तुमचे बाबा यातले कोण होते ते एका उत्तरात कळेल, 'कर्तव्यदक्ष' लिहायची गरजच उरणार नाही.

कुळकायद्याचं अजून विचारा. बत्तीस ग ची केस म्हणजे जमिनीची किंमत ठरवायची केस, पैसे भरून झाले की बत्तीस म चं सर्टिफिकेट, हे शब्द आपल्याकडे शाळा न शिकलेल्या म्हातारीलाही पाठ असतात. किती कुळांनी भीतीपोटी 'मला नको जमीन' म्हणून जबाब दिले, आणि तो जबाब कोणी शिकवला होता हे तलाठ्याला कळायचं का? कळलं तर तो काय करायचा? याची उत्तरं नेहमी गोड येतील असं नाही. तरीही विचारा.

मग मोठ्या घटना घ्या, त्यांच्याभोवती आठवणी आपोआप गोळा होतात. 1 मे 1960, महाराष्ट्र झाला, नोकरी तीच पण सरकार बदललं. 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप, पहाटेचा, चिपळूणकडच्या बाजूलाही घरं पडली, त्या आठवड्यात बाबा कुठे होते, पंचनामे केले का, आणि मुख्य म्हणजे तुम्ही सगळे कुठे झोपलात? 1977-78 चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप, 54 दिवस चालला, पगार नाही, मग वाण्याकडे उधारी कशी चालली? हे शेवटचं बाबांना विचारू नका, ते म्हणतील 'भागलं'. आईला विचारा, ती आकडा सांगेल.

आईचं स्वतंत्र प्रकरण करा, खरंच सांगते. बदली ऑर्डर बाबांच्या नावाने यायची पण सामान आईने बांधलेलं असायचं. आज जयगड-तवसाळला किंवा धोपावे-दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवून आपण दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे जातो आणि वर फोटो काढतो, त्या काळात खाडी म्हणजे तरीची होडी, आणि पावसाळ्यात ती सुटेल की नाही ते तांडेल ठरवणार. अलीकडे शाळा, पलीकडे सजा असं झालं की घर दोन ठिकाणी. तुम्ही भावंडं नेमक्या कोणत्या गावात जन्मलात आणि तेव्हा बाबा कुठे पोस्टिंगला होते याचा एक साधा तक्ता करा, त्यातनं घराची अख्खी गोष्ट बाहेर येईल.

कागदांचं. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) घरात असणारच, त्यावर रुजू झाल्याची तारीख आहे का बघा. सेवापुस्तकाची प्रत हवी असेल तर शेवटच्या ऑफिसला अर्ज करा, पण अर्ज बाबांच्या सहीने जाऊ दे, मुलांनी मागितलं तर खाजगी माहिती म्हणून अडवतात, ज्याचं त्याने मागितलं तर सोपं जातं. आणि हे नक्की करा, बाबांनी काम केलेल्या एखाद्या गावच्या जुन्या फेरफाराची नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढा. गाव नमुना सहा. मी नोकरीत असे रजिस्टर खूप हाताळलेत. लांबट पान, कडा वाळवीने खाल्लेल्या, डावीकडे नोंदीचा नंबर, मग मजकूर, 'खातेदार मयत, वारस मुलगे दोन, विधवा एक, वर्दीवरून नोंद केली', निळ्या-काळ्या शाईत, ओळ कुठेही न वाकता, खाली तलाठ्याची सही आणि शेवटच्या रकान्यात सर्कलने तपासून 'नोंद मंजूर' केलेलं. तुमच्या बाबांच्या तर दोन्ही जागी सह्या सापडतील, आधी तलाठी म्हणून आणि नंतर सर्कल म्हणून. पुस्तकात त्यांच्या सत्काराच्या फोटोऐवजी ते पान छापा. आणि नक्कल त्यांच्या हातात द्या, चष्मा लावून बघतील आणि त्या वारसांची भांडणं कशी मिटली ते न विचारता सांगायला लागतील.

रेकॉर्डिंग मोबाईलवर करा, सकाळी चहा झाल्यावर, अर्धा तास, जास्त नको. तिघांनी एकदम बसू नका, कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं. नातवाला बसवा, त्याला काहीच माहीत नसतं त्यामुळे आजोबा नीट समजावून सांगतात. त्या वेळचे कोणी कोतवाल, पोलीस पाटील हयात असतील तर त्यांना भेटा, साहेब कसे होते ते कोतवालाइतकं कोणाला ठाऊक नसतं (आणि तो दोन शिव्याही घालेल, त्याही लिहून घ्या).

'कुटुंबवत्सल' हा शब्द ठेवायचाच असेल तर त्याला एक तरी पुरावा जोडा. पगाराच्या दिवशी पिशवीतनं काय यायचं? तापात रात्री कोण बसायचं? वह्यांना कव्हरं कोण घालायचं? सापडलं तर ते लिहा, म्हणजे मग तो शब्द आपणच खोडाल.

प्रश्न (देवगड): माझे वडील आरोग्य खात्यात होते, 1958 पासून. देवी काढायला (म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचायला) आणि नंतर मलेरियाच्या कामाला गावोगाव फिरायचे, लोक देवी डॉक्टरच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी 88 व्या वर्षी गेले. आजही बाजारात भेटलेला माणूस सांगतो तुझा बापूस म्हणजे देवमाणूस. पण आमच्या घरात ते पाहुण्यासारखे यायचे. आईच्या ऑपरेशनला नव्हते, माझ्या बहिणीचं लग्न ठरवायच्या बैठकीला नव्हते, कॅम्प होता. आई म्हणायची, "गावाक डॉक्टर गावलो, माका घोव (नवरा) गावूक नाय." आता गावच्या वाचनालयाला त्यांच्यावर लेख हवाय आणि तो मी लिहायचा. दोन महिने झाले कागद कोरा आहे. खोटं लिहू का?

उत्तर: खोटं लिहू नका आणि लेखातून हिशोबही चुकता करू नका. तुमच्या आईचं वाक्य इतकं नेमकं आहे की मी दोन दिवस तेच घोळवतेय. त्या वाक्यात दोन्ही बाजू आहेत बघा, गावाला डॉक्टर मिळाला हे ती नाकारत नाहीये.

काम काय होतं ते आधी नीट मांडा, कारण आजच्या चाळिशीच्या आतल्या वाचकाला देवी म्हणजे काय हेच माहीत नाही. आजी-आजोबांच्या दंडावरचा तो खोलगट वण एवढंच त्यांनी पाहिलेलं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 साली, आणि 1980 ला जगातून देवी गेली असं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. ते आपोआप झालेलं नाही. दोन टोकांची ती सुई, तिच्या बेचक्यात लशीचा एक थेंब, दंडावर पंधरा टोचे, हे दारोदार जाऊन करणारी माणसं होती, आणि लोक दारं लावून घ्यायचे, देवीचा कोप होईल म्हणायचे, पोरांना माळ्यावर लपवायचे. आणि देवगडचा सडा, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचं तर घाटी उतरा नि चढा. तुमचे वडील अशा किती वाड्यांत गेले असतील याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त.

आता घराचं. कोकणात बाप घरात नसणं ही काही नवी गोष्ट नव्हती. अर्ध्या गावाचे बाप मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला दिसणार, बाकी वर्षभर मनीऑर्डर. त्या मुलांना निदान एक समजूत होती की बाबा लांब आहेत. तुमचं दुखणं वेगळं आहे, तुमचे बाबा पंधरा-वीस मैलांवर होते आणि तरी येत नव्हते, म्हणजे येऊ शकत असून आले नाहीत असं तुमच्या मनात बसलं. खरंच येता येत होतं का? रजा मिळायची का, साथ असताना मुख्यालय सोडलं तर काय व्हायचं, बसची शेवटची फेरी किती वाजता? हे शोधा. मी त्यांची वकिली करत नाहीये. काहींना खरोखर येता यायचं नाही आणि काहींना घरापेक्षा कॅम्प बरा वाटायचा, दोन्ही जातीची माणसं मी ऑफिसात पाहिलीत. घरी बायको प्रश्न विचारते आणि कॅम्पवर लोक नमस्कार करतात, मग माणूस कुठे रमेल? तुमचे वडील कोणत्या जातीचे ते तुम्हालाच ठरवावं लागेल, किंवा कदाचित अर्धे अर्धे असतील.

लेखाची सुरुवात आईच्या त्या वाक्यानेच करा असं मी सुचवेन. वाचनालयाच्या मंडळींना खटकलं तर खटकू दे. आणि त्या काळात घर कोणी चालवलं, भात कोणी लावलं, बहिणीची बैठक कोणी निभावली, मामाने की काकाने, त्यांची नावं घाला. गाव ज्याला देवमाणूस म्हणतं त्याचा रोजचा खर्च दुसरं कोणीतरी भरत होतं, एवढं त्या लेखातून वाचकाला कळलं तरी पुष्कळ झालं. रागावलेलं एखादं वाक्य राहिलं तरी राहू दे, फक्त ते तुमच्या नावावर असू दे, 'काहींच्या मते' असं नको.

प्रश्न (मालवण): आमचे आजोबा एका सरकारी खात्यात होते. सत्तरच्या दशकात त्यांच्यावर पैशाच्या अफरातफरीचा आळ आला, सस्पेंड झाले, दीडेक वर्षाने चौकशीत निर्दोष ठरून परत कामावर घेतले आणि पुढे प्रमोशनही झालं. ते आता नाहीत. घराण्याचा इतिहास लिहिताना हे घ्यावं की नाही यावरून घरात दोन तट पडलेत, काका म्हणतात झाकली मूठ.

उत्तर: काकांना विचारा, मूठ झाकलेली आहे असं त्यांना कोणी सांगितलं? गावात सगळ्यांना माहीत असतं. फरक एवढाच पडतो की तुम्ही लिहिलं नाही तर लोकांच्या तोंडी फक्त 'सस्पेंड झाले होते' एवढंच राहतं आणि 'निर्दोष सुटले' हे गळून जातं. अफवेला पुढचा भाग नसतो हो.

एका परिच्छेदात लिहा, तारखांसकट. निलंबनाची तारीख, आरोप काय, अंतिम आदेशाची तारीख आणि शक्य असेल तर आदेशातली ओळ जशीच्या तशी. निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ म्हणून धरला का, ते बघा, धरला असेल तर ते स्पष्ट लिहा, कारण सरकार सहजासहजी तसं धरत नाही. आरोप ज्याने केला त्याचं नाव नको, त्याचीही नातवंडं त्याच गावात असतील.

पण त्याहून मला वाटतं ते दीड वर्ष घराने कसं काढलं ते लिहा. सस्पेंड माणसाला पूर्ण पगार मिळत नाही, निर्वाह भत्ता मिळतो, तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. कोणाची शाळा सुटली का? दागिने गहाण पडले का? आजोबा दिवसभर करायचे काय, देवळात बसायचे की घराबाहेर पडतच नव्हते? आणि परत कामावर गेले त्या दिवशी ऑफिसमधले लोक कसे वागले? माझ्या माहितीत असे एक गृहस्थ होते, त्यांनी परत रुजू झाल्यावर पहिलं काम काय केलं तर आपल्या कपाटाची किल्ली मागून घेतली आणि आतली प्रत्येक फाईल यादीशी ताडून बघितली, कोणाशी एक शब्द न बोलता, आणि मग चहा मागवला, सगळ्यांना.

प्रश्न (रोहा, शिक्षिका): आमच्या शाळेत 14 जानेवारीला चिंतामणराव देशमुखांवर वक्तृत्व स्पर्धा आहे. मुलं तीच तीच पदांची यादी पाठ करून येतात आणि ऐकणारे पेंगतात. लोकसेवक म्हणून वेगळं काय सांगता येईल?

उत्तर: यादी मोठी आहे हा काय मुलांचा दोष, त्या माणसाने केलंच इतकं. जन्म 1896, रायगडाच्या पायथ्याजवळचं नाते, घर तुमच्या रोह्याचं, मॅट्रिकला पहिले, आयसीएसच्या परीक्षेत पहिले, 1943 ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. इथपर्यंत एका दमात म्हणून घ्या आणि थांबा. त्यांच्या सहीच्या जुन्या नोटेचा फोटो मोठा करून मंचावर लावा, पंचम जॉर्जच्या नाही, सहाव्या जॉर्जच्या चित्राची नोट आणि खाली आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या (आजच्या रायगड जिल्ह्यातल्या) माणसाची सही. मुलं तिथेच जागी होतील.

मग सगळं भाषण एकाच गोष्टीवर बेतायचं, 1956 चा राजीनामा. 1952 ला ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेलेले. पुढे राज्य पुनर्रचनेत मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं केंद्राने ठरवलं, आणि हे त्याच केंद्राचे अर्थमंत्री. तीस-पस्तीस वर्षं ज्याने हुकूम पाळायचे आणि पाळून घ्यायचे एवढंच केलं, त्या शिस्तीच्या माणसाने मंत्रिपद सोडलं. आयुष्यभर सरकारी चाकोरीत वागलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल, यावर आठवीच्या मुलीला बोलू द्या, ती चांगलं बोलेल. त्यानंतर ते घरी बसले नाहीत हेही सांगा, विद्यापीठ अनुदान आयोग, मग दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद.

घरचं एक पान घ्याच. पहिली पत्नी रोझिना इंग्रज, मुलगी प्रिमरोझ. रोझिना 1949 ला गेल्या. 1953 ला दुर्गाबाईंशी लग्न झालं, नोंदणी पद्धतीने, आणि साक्षीदार कोण तर पंडित नेहरू. तीन वर्षांनी त्याच नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की वेगळं भाष्य लागत नाही. 1982 ला गेले, 86 व्या वर्षी.

आणि एखाद्या मुलाला दुसरा माणूस हवा असेल तर दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे द्या. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी परीक्षेसाठी मुरुडहून चालत साताऱ्याला गेले, घाट चढून, आणि तिथे साहेबाने वय लहान दिसतंय म्हणून बसूच दिलं नाही. परत आले. पुढे 104 वर्षं जगले, महिला विद्यापीठ काढलं, शंभराव्या वर्षी भारतरत्न. मला नेहमी वाटतं त्या साहेबाने तेव्हा बसू दिलं असतं तर एक चांगला सरकारी मास्तर मिळाला असता आणि बाकी सगळं राहून गेलं असतं. (स्पर्धेत हे वाक्य वापरायला माझी परवानगी आहे.)

प्रश्न (वेंगुर्ला): वडील पोस्टमन होते, आता 90 पूर्ण झाली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी नेलं तर मशीनवर अंगठाच उमटत नाही, रेषा झिजल्यात. दोनदा रिक्षा करून नेऊन परत आणलं, दमले बिचारे. शिवाय शेजारचे म्हणतात नव्वदीनंतर पेन्शन वाढते, आमची तर तेवढीच येतेय वाटतं.

उत्तर: अंगठ्याचा नाद सोडा. मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला निघतो, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप लागतात, घरातल्या पोरांना पाच मिनिटांचं काम. वडिलांना उजेडाकडे तोंड करून बसवा, टोपी काढायला सांगा, आणि पापणी मिटायला सांगतं तेव्हा जरा मोठ्याने सांगा, नाहीतर ते डोळे विस्फारून बसतात. ते नाहीच जमलं तर पोस्टात सांगून ठेवा, पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन करून देतो, थोडं शुल्क घेतात. तुमच्या वडिलांना तर खात्यातला माणूस आला म्हणून आनंदच होईल, फक्त त्याला लवकर सोडणार नाहीत. शिवाय 80 च्या पुढच्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, 1 ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, तेव्हा गर्दीही कमी असते.

वाढीचं शेजाऱ्यांनी बरोबर सांगितलंय. केंद्राच्या पेन्शनरांना मूळ पेन्शनवर 80 ला 20 टक्के, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला 100 टक्के जादा मिळतात, ज्या महिन्यात ते वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. एक लक्षात घ्या, हे खात्याच्या कायम पोस्टमनला, ग्रामीण डाक सेवक असतील तर त्यांना ही पेन्शनच नसते. तुमचे वडील पेन्शन घेतायत म्हणजे प्रश्न नाही. पासबुकावरून अंदाज करू नका, त्यात महागाई भत्ता मिसळलेला असतो. पेन्शन स्लिप मागा, मूळ पेन्शन, जादा पेन्शन आणि महागाई भत्ता वेगवेगळे दिसले पाहिजेत. जादाच्या ओळीत 30 टक्केच दिसत असतील तर जिथून पेन्शन निघते तिथे साधा अर्ज द्या, सोबत पीपीओची झेरॉक्स आणि जन्मतारखेचा पुरावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.